विश्लेषण : छताच्या कैच्या जमिनीवर जोडून मग क्रेनने का उचलतात? शहापूरच्या दुर्घटनेतून काय शिकायचं?

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातील सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम सुरू होतं. पुलाचे अवजड भाग खांबांवर चढवणारं गर्डर लाँचर हे यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. मृतांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले कामगार होते.

महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. प्रश्न मात्र उरतो : उंचीवरचा धोका कमी कसा करायचा?

जमिनीवर जोडणी म्हणजे काय?

पुलाचे भाग वरच जोडावे लागतात, त्यामुळे माणसांनाही वर थांबावं लागतं. मुरबाड एमआयडीसीत दिसतात तशा पत्र्याच्या शेडचं तसं नसतं. छताचा भार पेलणारी लोखंडी कैची, म्हणजे ट्रस, खालीच वेल्डिंग आणि बोल्टने पूर्ण करता येते. मग क्रेनने उचलून ती खांबांवर ठेवतात.

फायदा काय?

वेल्डिंग तपासणं, रंग देणं, चूक दुरुस्त करणं ही कामं पाय जमिनीवर ठेवून होतात. वर उरतं ते बसवणं आणि बोल्ट आवळणं. वर माणसं कमी आणि तीही कमी वेळ, म्हणजे पडण्याचा धोकाही कमी.

मग धोका संपला का?

नाही. तो उचलण्याच्या काही मिनिटांत एकवटतो.

• उभी कैची वरून येणारा भार पेलते, पण आडव्या दिशेने ती लवचिक असते. पट्टे चुकीच्या जागी बांधले तर ती हवेतच वाकू शकते.

• पहिली कैची सर्वांत धोक्याची. तिला शेजारी आधार नसतो. दोन्ही बाजूंनी ताण दिल्याशिवाय क्रेनचा हूक सोडायचा नसतो. म्हणूनच अनेकदा दोन कैच्या खालीच एकमेकींना जोडून एकत्र उचलतात.

• क्रेनचा हात जितका लांब, तितकी तिची क्षमता कमी. '१० टनांची क्रेन' दूरवर १० टन उचलत नाही.

• पावसाळ्यात माती भिजली की क्रेनचे पाय रुततात. त्याखाली भक्कम प्लेट हवी. वारा वाढला तर काम थांबवायला हवं.

जबाबदारी कोणाची?

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

अडचण लहान कामांत येते. क्रेनचं भाडं तासावर चढतं, म्हणून घाई होते. ताण न देताच हूक सुटतो, उचललेल्या भाराखालून माणसं ये-जा करतात. शेड बांधून घेणाऱ्याने दर ठरवतानाच विचारावं : क्रेन तपासलेली आहे का? इशारे देणारा माणूस कोण? पहिली कैची कशाला बांधणार?

उत्तरं मिळाल्याशिवाय कैची जमिनीवरच राहिलेली बरी.