नर्सिंगची लॅब आहे, पण किल्ली कुणाकडे?

मुलीला नर्सिंगला घालायचं म्हटलं की आपल्या घरांत आधी हॉस्टेल, नाईट ड्युटी आणि फी यांवर बोलणं होतं. तिथे ती शिकणार कशी, हे विचारायचं राहूनच जातं. तिची पहिली सुई कुणाच्या तरी अम्मीच्या दंडात जाणार असते, म्हणून आम्हाला हा प्रश्न मोठा वाटतो.

सिम्युलेशन म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यावर केलेला सराव. कल्पना जुनीच. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयात 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली याच कामासाठी आली होती. आजच्या महागड्या पुतळ्यांना नाडी असते, छाती हलते, बीपी अचानक उतरतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की वॉर्डात शिकाऊ मुलीला बाजूला उभं करतात, आणि ते बरोबरच आहे. लॅबमध्ये मात्र तीच गर्भाशयाला मसाज देते, मदतीला हाक मारते, ऑक्सिटोसिनची तयारी करते. चुकली तर पुन्हा करते.

भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली. २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजंही मंजूर केली. पण लॅब असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं. आम्ही पाहिलेल्या एका कॉलेजात पुतळा प्लास्टिकच्या आवरणात होता. "इन्स्पेक्शनलाच काढतात," असं तिथल्या मुलींनी सांगितलं.

अमेरिकेत २०१४ मध्ये दहा नर्सिंग कॉलेजांतल्या ६६६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयातले निम्मे तास सिम्युलेशनला दिले तरी त्यांच्या ज्ञानात आणि कामात कमतरता दिसली नाही. मात्र तिथे शिक्षक त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक सरावानंतर काय चुकलं यावर नीट चर्चा व्हायची. हा भाग गाळून नुसता 'निम्मे तास' एवढाच आकडा पुढे करणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

शिवाय सगळाच सराव महाग नसतो. एखाद्या मैत्रिणीने खाला बनून खाटेवर झोपायचं आणि म्हणायचं, "मी बुरखा काढणार नाही, आधी पडदा लावा." मग विद्यार्थिनीने पडदा ओढून, समजावून, ईसीजी काढण्यापर्यंतची सगळी तयारी करून दाखवायची. याला पुतळा लागत नाही, एक खाट आणि लक्ष देणाऱ्या मॅडम लागतात. ॲडमिशनला जाल तेव्हा लॅब बघायला मागा. एका पुतळ्यामागे किती मुली, हेही तिथेच विचारा.