‘बसून जाईल’ म्हणून माल विकू नका

चेंबूर, गोवंडी, मानखुर्द भागातील टॅक्सीवाला किंवा जुन्या गाडीचा मालक सुट्या भागांसाठी आजही कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडकडे वळतो. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ साली सुरू झाल्यापासून तर हा बाजार आम्हा चेंबूरकरांच्या दारातच आला आहे. तेथे आपल्या समाजाचे दुकानदार आणि कारागीर पुष्कळ आहेत, म्हणूनच तेथील एका सवयीबद्दल आम्ही स्पष्ट लिहीत आहोत.

गिऱ्हाईक दरवाजाची काच खालीवर करणारी जुनी मशीन मागते. मिस्त्री तिला रेग्युलेटर म्हणतात. दुकानदार ढिगातून एक काढून देतो, “घेऊन जा, बसून जाईल.” ती बसत नाही. परत नेली की उत्तर तयार असते, “जुना माल बदलून मिळत नाही.” टॅक्सीवाल्याची अर्ध्या दिवसाची कमाई गेली, मिस्त्रीची मजुरी वेगळी.

पद्मिनीच्या काळात हे एकवेळ चालून जाई. ती गाडी येथेच कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत असे, काच हँडलने चढे, आणि वर्षानुवर्षे तिच्यात फारसा बदल नसे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता एकट्या वॅगन आरचे पाहा. १९९९ ची वेगळी, २०१० ची वेगळी, २०१९ ची वेगळी, नाव मात्र एकच. शिवाय डावी मशीन उजवीकडे चालत नाही, पुढची मागे चालत नाही. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत एकीला हँडल तर दुसरीला मोटर असते. सगळे जुळले आणि मोटरचा प्लग जुळला नाही, तरी व्यवहार फुकट.

कापडाच्या धंद्यात एकाच रंगाचे दोन तागे वेगळ्या लॉटचे निघाले तर कपडा शिवल्यावर फरक उघडा पडतो. दुकानातील दिव्याखाली गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. जे आपल्यालाच दिसते ते सांगणे आपल्यावर आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला विचारले होते. आपल्या फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणून गिऱ्हाइकाचा हक्क सांगितलेला आहे. दुकानात पाटी टांगल्याने लपवलेला ऐब हलाल होतो, असे आम्हाला वाटत नाही.

या मालाचा ऐब कोठे असतो हे दुकानदार जाणतात. बॅटरी लावून मशीन फिरवून दाखवतात, पण काचेचे वजन नसताना अर्धमेली मशीनसुद्धा पळते. तारेचे धागे तुटलेत का, प्लास्टिकचा सरकणारा तुकडा तडकला आहे का, पावसाचे पाणी उतरून पट्टीला गंज चढला आहे का, हे पाहून सांगितले पाहिजे. कित्येकदा दोष मशीनचा नसतोच. काचेचे रबर कडक झालेले असते किंवा स्विच गेलेला असतो. तेवढे विचारून गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आमच्या मते खरा व्यापारी.

दुकानदारांचेही म्हणणे खोटे नाही. गिऱ्हाईक जुनी मशीन सोबत आणत नाही, नुसते गाडीचे नाव सांगते. काहीजण आपलीच मोडकी मशीन परत आणून देतात. त्याला उपाय सोपा आहे. मालावर रंगाची खूण करावी आणि जुनी मशीन शेजारी ठेवून मिळवल्याशिवाय माल देऊ नये.

बिनपावतीचा धंदाही आता परवडणारा नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. गाडी कोठून फोडायला आली याचा कागद ज्याच्याकडे नाही, त्याने पोलिसांपुढे काय दाखवावे? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक नव्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नव्या-जुन्यातले अंतर घटले, की गिऱ्हाईक नव्याकडे जाणार.

पावतीवर गाडीचे वर्ष, बाजू, पुढची की मागची, हँडल की मोटर, आणि ‘न बसल्यास तीन दिवसांत परत’ एवढे लिहावे. असे लिहून देणारे दोघे-तिघे आमच्या माहितीत आहेत. चेंबूर कॅम्पातले मिस्त्री गिऱ्हाईक त्यांच्याकडेच पाठवतात.