छंदाचे गाईड आणि लिलावाचा बाजार
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘गाईड’ या शब्दाचा अर्थ आपल्या महाविद्यालयात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्राध्यापक मंडळी त्या शब्दाने नाक मुरडतात आणि विद्यार्थी ती वस्तू पिशवीत वहीखाली घालून आणतात. पण परीक्षेच्या गाईडाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते टाकाऊ असेल तर निकालाच्या दिवशी कळते. पुढच्या वर्षीची मुले शहाणी होतात, दुसरे गाईड घेतात.

मला लिहायचे आहे ते ज्यांचा निकाल कधी लागतच नाही अशा गाईडांविषयी. ती छंदाची गाईडे. नाणी कशी जमवावीत, टपालतिकिटे कशी ओळखावीत, बोन्साय कसे वाढवावे, बासरी तीस दिवसांत कशी शिकावी! ही पुस्तके आता इंटरनेटवरच्या लिलावात मिळतात. मोबाईलवर बोली लावायची, आपली बोली सर्वांत वर राहिली की पैसे भरायचे, आणि आठवड्याभरात टपालाने पाकीट येते.

मला नाण्यांचा नाद आहे. आजीच्या ट्रंकेत तांब्याची अकरा जाड नाणी आहेत. ती त्यांना ढबू म्हणते. त्यांविषयी विचारावे असे घरात कोणी नाही. वडील सातवीपर्यंत शिकले, आई तेवढेही नाही. कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. तेव्हा पुस्तकाला विचारावे हे ओघानेच आले. ९९ रुपयांपासून निघालेली बोली २४० रुपयांवर थांबली, वर ८० रुपये टपालखर्च. जाहिरातीत मुखपृष्ठाचे चित्र होते, आतल्या एकाही पानाचे नव्हते. विक्रेत्याच्या नावापुढे मात्र शेकडो लोकांची शाबासकी होती.

पुस्तक चौसष्ट पानांचे निघाले. त्यातली पहिली वीस पाने ‘मानवी जीवनात छंदाचे महत्त्व’ या विषयाला वाहिलेली! शिवराईला दीड पान. त्यात लिहिले आहे की ही नाणी शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी पाडली आणि प्रत्येकीची किंमत आज पन्नास हजारांच्या पुढे आहे. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात, इथवर ठीक. पण हीच अक्षरे घालून पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या. टांकसाळी अनेक, कारागीर अनेक. म्हणून कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’ असे लेखन सापडते. दोन आडव्या दांड्या असलेली ‘दुदांडी’ तर उशिराच्या काळातली. बाजारात शिवराया मुबलक मिळतात त्या अशा पुढच्या काळातल्याच. एखाद्या शिवराईचा काळ ठरवायचा तर अक्षरांचे वळण, वजन, ठिपक्यांची कड आणि इतर खुणा एकत्र पाहाव्या लागतात. हे नवख्याला सांगणे हेच तर गाईडाचे काम!

दुसरे उदाहरण घ्या. आपल्या खिशातल्या नाण्यावर सालाखाली बारीक हिऱ्याची खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतले, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. मला हे एका वाक्यात सांगता आले. चौसष्ट पानांत ते नाही. त्याऐवजी वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांना जाते असे ठणकावून सांगितले आहे. २०१२ सालचे ते नाणे आमच्या वर्गातल्या एकाला बसच्या तिकिटाच्या सुट्ट्या पैशांत आले. तो अजून लखपती झालेला नाही.

अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येते : ‘घेताना बघून घ्यायचे होते!’ या वाक्याशीच माझे भांडण आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध माहीत असेल. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे चांगल्या गाडीला योग्य भाव मिळत नाही आणि बाजारात भंगार तेवढे उरते, असा त्याचा आशय. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते या प्रकारच्या विचारासाठीच. पण गाडी निदान चार मैल चालवली की खोकते. छंदाच्या गाईडाचे तसे नाही. ते खोटे आहे हे ओळखायला जे ज्ञान लागते ते नाही म्हणून तर माणूस ते विकत घेतो! बघून घ्या म्हणणाऱ्याने कशाशी ताडून बघायचे तेही सांगावे.

शाबासकीच्या ताऱ्यांवर जावे म्हणाल, तर त्यांचीही गंमत आहे. पाकीट हातात पडले, वेष्टन नीट होते, वेळेवर आले, की गिऱ्हाईक लगेच पाच तारे देऊन मोकळे होते. ही स्तुती पोस्टमनची. पुस्तक वाचून, मजकूर पारखून, मग अभिप्राय देणारा विरळा. अमेरिकेत याचा धंदाच झाला होता. ‘ईबे’ या लिलावाच्या संकेतस्थळावर एकेका सेंटला संगणकीय पुस्तिका विकायच्या, त्यावर चांगले अभिप्राय गोळा करायचे आणि त्या पुण्याईवर पुढे महागड्या वस्तू विकायच्या, अशी युक्ती काहींनी काढली. शेवटी मार्च २००८ अखेर ईबेने अशा पुस्तिकांना लिलावातून बाहेर काढले.

असली पुस्तके लिहितो कोण, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. पुष्कळदा कोणीच नाही. एकच मजकूर पुनर्विक्रीच्या हक्कासह घ्यायचा आणि दहाजणांनी दहा नावांनी विकायचा, ही जुनी रीत. आता यंत्रच मजकूर लिहून देते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या कवकप्रेमींच्या संस्थेला, म्हणजे न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीला, जाहीर इशारा द्यावा लागला. रानातली अळंबी ओळखण्याची यंत्रलिखित गाईडे ॲमेझॉनवर विकली जात होती, आणि अळंबी ओळखण्यात चूक म्हणजे जिवाशी गाठ. शिवराईने कोणी मरत नाही, हे खरे.

पण खोट्या किमतीच्या तक्त्यानेही माणूस नागवला जातो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून बजावले की, बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून काही लोक जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन व कर मागत आहेत. बँकेचा अशा व्यवहारांशी संबंध नाही. आपल्या डब्यातल्या नाण्याचे लाख रुपये येतात असे एखाद्या पुस्तकात आधी वाचलेले असले, तर दोन हजारांचे ‘शुल्क’ भरायला हात का आखडेल? कायदाही अशा वेळी अर्ध्या वाटेपर्यंतच येतो. ई-वाणिज्याविषयीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि निवारण महिन्याभरात करावे. मात्र धंदा म्हणून नव्हे तर खाजगीरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत, आणि लिलावातला प्रत्येकजण आपण खाजगी असल्याचेच सांगतो.

तीनशेवीस रुपये गेले याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते निराळेच. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, काका प्राध्यापक आहेत, त्यांना एक पुस्तक खोटे निघाले तर ते दुसरे उघडतात. आमच्यासारख्यांच्या घरी छापलेल्या अक्षराला आजही नमस्कार करतात. मी ते दीड पान वाचून दाखवले तेव्हा आजीने नाणी फडक्यात गुंडाळून देवापाशी ठेवली. त्यातले खोटे तिला सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, “पुस्तकात आहे ना रे?” आता तिने पुस्तकावर विश्वास ठेवावा की नातवावर?

आणि याच वेळी आपल्याच ग्रंथालयात परमेश्वरीलाल गुप्त यांचे ‘कॉइन्स’ हे नॅशनल बुक ट्रस्टने १९६९ साली काढलेले पुस्तक कुलुपबंद कपाटात आहे. तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा. कुठल्याच पेपरला ते लागत नाही, म्हणून वर्गात त्याचे नाव निघत नाही. अंजनेरीला, नाशिकपासून तासाभराच्या आत, नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. आपली सहल मात्र दरवर्षी महाबळेश्वरला जाते. लिलाववाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण मुलांनी छंदाविषयी कोणाला विचारावे याची सोय आपण केलेली नाही, ती त्यांनी त्यांच्या पद्धतीने केली.

ग्रंथालय समितीपुढे मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. छंदाच्या पुस्तकांचे एक उघडे कपाट असावे आणि पुस्तक विकत घेण्याआधी विद्यार्थ्याला त्याचे नाव लिहून विचारता यावे अशी एक वही तिथे ठेवावी; ज्या प्राध्यापकांना त्या विषयाची गोडी आहे त्यांनी वहीत दोन ओळी लिहाव्यात. वहीचा खर्च फार तर चाळीस रुपये. त्या कपाटासाठी माझे चौसष्ट पानी गाईडही मी देऊ केले आहे. इतिहासाच्या सरांच्या मदतीने लाल शाईने त्यातल्या चुका दाखवण्याचे काम चालू आहे. सध्या आम्ही एकतिसाव्या पानावर आहोत.