हंगाम आणि हवापालट

आपल्याकडे एखाद्याचे लेखन थांबले की पहिला उपाय सुचवला जातो तो हवापालटाचा. जरा निवांतपणा मिळाला, चार दिवस गावाबाहेर जाता आले, की पुन्हा लिहू लागेन, हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकवर्गात इतके रुळले आहे की त्याला कोणी हरकतही घेत नाही. पुण्याहून असा निवांतपणा शोधणाऱ्यांना जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फार सोयीचे. माळशेजचे धुके, भीमाशंकरचा पाऊस, डिंभे जलाशयाच्या काठची खोली. (ज्या पाण्याकडे पाहून प्रसन्न वाटते त्याच्या पोटात तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगाव आहे, याची पाहुण्यांना कल्पना असतेच असे नाही.) नवी वही, नवे पेन, मोजून ठरवलेल्या वेळा, सारे सिद्ध असते, परतताना वहीत धुक्यावरची दोन-तीन पाने असतात. आक्षेप प्रवासाला नाही. निवांतपणा ही लेखनाची पूर्वअट आहे या समजुतीला आहे.

याच जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, आणि तिथे आपल्यापेक्षा जुनी आणि अधिक शहाणी अशी एक व्यवस्था पाहायला मिळते. तमाशाचे फड वैशाखातल्या जत्रा आटोपल्या की उतरतात. पावसाळ्यात खेळ नाही. पण या बंद महिन्यांना कोणी विश्रांती म्हणत नाही. कलावंतांची जुळवाजुळव याच काळात होते, कोण राहिले, कोण दुसऱ्या फडात गेले हे कळते, उचल दिली-घेतली जाते, कनाती आणि पेट्या दुरुस्त होतात, नवा वग बसवला जातो. दसऱ्याला फड बाहेर पडायचा असतो आणि ती तारीख कोणाच्या मनःस्थितीवर हलत नाही. पुढे गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, सुपाऱ्या ठरतात. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. नवे काय आणायचे ते त्याच्या आत. ताजेपणा तिथे तालमीतून येतो, आणि तालीम एकट्याने होत नाही.

यावर एक रास्त प्रतिवाद संभवतो. उचल म्हणजे कर्जच, आणि त्या कर्जाखाली कित्येक कलावंतांची आयुष्ये गेली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर प्रयोगाच्या मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. वास्तविक ती ऐकून लाज वाटायला हवी. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई 2002 साली हलाखीत गेली. तेव्हा फडाची लाचारी घेऊ नये. घ्यायचे ते त्याचे वेळापत्रक, त्याची सोबत, आणि कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव.

गंमत अशी की मराठी लेखकापाशी असा हंगाम आयता आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपला पावसाळा हा लिहिण्याचा काळ ठरून गेला. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी. फडाचे आणि लेखकाचे पंचांग जवळजवळ एकच. आणि याच दिवाळी अंकाला आपण ‘मागणी तसा पुरवठा’ म्हणून नाक मुरडतो. मागणीवरून लिहिलेले सगळे सुमार असते हे कोणी सिद्ध केले? जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरला 1944 साली जन्मलेल्या अनिल अवचटांचे कित्येक दीर्घ लेख आधी दिवाळी अंकांतून आले. त्यांच्या लाकडातल्या शिल्पांचे, ओरिगामीचे, बासरीचे आपल्याला कौतुक, पण ते छंद आपण लेखनातून घेतलेली सुटी समजतो. ‘छंदांविषयी’ वाचणाऱ्याला दिसेल की माणसांकडे पाहणारी तीच नजर तिथे लाकडाकडे आणि कागदाकडे वळलेली आहे. हात कामात असलेला हा माणूस वहीसमोर थिजून बसल्याचे चित्र काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही.

उलट आपले मराठी विभाग पाहा. लेखन-कार्यशाळा भरते ती प्रमाणपत्रासाठी; तिचा समारोप होतो, छायाचित्र निघते, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणी कोणाला काय लिहिलेस म्हणून विचारत नाही. विद्यार्थी तर हवापालटालाही जाऊ शकत नाही, त्याला ना पैसा ना रजा. निवांतपणाची अट घातली की लेखन आपोआप ज्यांना तो परवडतो त्यांच्यापुरते उरते. ज्येष्ठात पाच-सहा जणांनी बसावे, कोणी काय लिहायचे ते ठरवावे, दर पंधरवड्याला अर्धेकच्चे मोठ्याने वाचावे, फाडावे, पुन्हा बसवावे, आणि दसऱ्याला जे असेल ते ऐकणाऱ्यांसमोर ठेवावे. याला वर्गातली एक खोली पुरते. माळशेजला त्यानंतर खुशाल जावे.