गरुडांसाठी थांबणारी पाती

पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते. दुरून मात्र ते संथ भासते. भक्ष्याच्या शोधात नजर खाली लावून घिरट्या घालणाऱ्या गरुडाला हा वेग उमगत नाही आणि प्रदूषणमुक्त म्हणून गौरविली जाणारी वीज त्याच्या जिवावर उठते. यावर तोडगा म्हणून अमेरिकेत वायोमिंग राज्यातील ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या प्रकल्पात ‘आयडेंटिफ्लाइट’ ही टेहळणी यंत्रणा बसविण्यात आली.

या यंत्रणेत मनोऱ्यावर कॅमेऱ्यांचे कडे असते. सुमारे एक किलोमीटरच्या टप्प्यात काही उडताना दिसले की दुसरा, फिरता कॅमेरा त्याचा माग घेतो. तो गरुड आहे की अन्य पक्षी, हे संगणक काही सेकंदांत ताडतो, त्याची दिशा व वेग मोजतो आणि टक्कर संभवत असेल तर नेमकी तेवढीच पवनचक्की थांबविण्याचा आदेश देतो. खरी अडचण यापुढे आहे. एवढे अवाढव्य चक्र जागच्या जागी थांबत नाही. पात्यांचा कोन बदलून त्यांवरील वाऱ्याचा जोर काढून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे ते मंदावते. त्यामुळे पक्षी दूर असतानाच निर्णय व्हावा लागतो.

कंपन्यांना हे शहाणपण केवळ आपणहून सुचले, असे नाही. वायोमिंगमधील दोन प्रकल्पांत १४ सोनेरी गरुड आणि १४९ अन्य संरक्षित पक्षी मेल्याप्रकरणी ‘ड्यूक एनर्जी’च्या उपकंपनीने २०१३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला व दंड, भरपाई आदींपोटी दहा लाख डॉलर मोजले. ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हा त्या दोहोंपैकीच एक.

या यंत्रणेमुळे गरुडांचे मृत्यू ८२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हाच आकडा सर्वत्र मिरविला गेला. तो नीट वाचायला हवा. यंत्रणा असलेल्या प्रकल्पात मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, यंत्रणा नसलेल्या जवळच्या प्रकल्पात ते ११३ टक्क्यांनी वाढले होते. दोन्हींचा मेळ घातल्यावर ८२ हा आकडा येतो. एकाच जोडीवर बेतलेल्या या तुलनेला २०२३ मध्ये आव्हान मिळाले. फेरविश्लेषण करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना घट झाल्याचा फारसा पुरावा आढळला नाही. यंत्रणा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. पण एका प्रकल्पाच्या बळावर ‘प्रश्न सुटला’ म्हणणे घाईचे आहे. शिवाय दिवसा दिसणाऱ्या मोठ्या पक्ष्यांसाठी आखलेला हा पहारा रात्री उडणाऱ्या वटवाघळांच्या कामाचा नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले आणि भय ओसरल्याने सरड्यांची संख्या वाढलेली दिसली. येथे प्रश्न केवळ पात्यांच्या तडाख्याचा नाही. पक्ष्यांनी ती जागाच टाळली, तर कॅमेऱ्याला टिपायला पक्षीच उरत नाही. त्यांच्या वावराची पाहणी पवनचक्क्या उभ्या राहण्यापूर्वी व्हायला हवी. आपल्याकडे मात्र २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत पवनऊर्जा प्रकल्पांना स्थानच देण्यात आले नाही.