होडी पाण्याबाहेर काढताना

झेब्रा मसल हा गोड्या पाण्यातला, नखाएवढा पट्टेरी शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. मालवाहू जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात. त्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि १९८८ मध्ये मिशिगन व ऑन्टॅरिओ यांच्यामधल्या सेंट क्लेअर सरोवरात आढळला. दोनेक वर्षांत तो पाचही महासरोवरांत पसरला. पुढचा प्रवास मात्र बराचसा हौशी नौकाविहार करणाऱ्यांच्या ट्रेलरवरून झाला. त्याचाच भाऊबंद क्वागा मसल २००७ च्या जानेवारीत नेव्हाडा-ॲरिझोना सीमेवरच्या मीड जलाशयात सापडला. महासरोवरांपासून हजारो किलोमीटर दूरच्या या वाळवंटी भागात तो एखाद्या बोटीबरोबरच आला असावा, असे मानले जाते.

मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. त्यांतून निघणारी पिले नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि होडीच्या तळाशी उरलेल्या ओंजळभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. मोठे शिंपले चिवट तंतूंनी कठीण पृष्ठभागाला चिकटतात आणि दमट जागी पाण्याबाहेरही काही दिवस तग धरतात. पाणी खेचणाऱ्या वाहिन्यांत त्यांचे थर साचतात. १९८९ मध्ये मिशिगनमधल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा त्यामुळेच बंद पडला होता. ते पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खात असल्याने लहान माशांच्या तोंडचा घास जातो. मोठ्या सरोवरात एकदा बस्तान बसले की त्यांना तिथून उखडता येत नाही. त्यामुळे सारी भिस्त प्रतिबंधावर.

त्यासाठी अमेरिकेत तीन कामांचा नियम रूढ आहे: साफ करा, पाणी काढा, वाळवा.

पहिले काम काठावरच करायचे. होडी, वल्ही, दोर, नांगर आणि ट्रेलरवरचे शेवाळ, वनस्पती, चिखल काढून टाकायचा. कयाकमध्ये बैठकीखालची जागा, पाय टेकवायची पट्टी आणि सुकाणूची खाच इथे काडीकचरा हमखास अडकतो. युरेशियन वॉटरमिलफॉईलसारखी पाणवनस्पती तुटलेल्या तुकड्यातूनही नव्याने रुजते, त्यामुळे बोटभर काडीही मागे ठेवून चालत नाही.

मग पाणी. कयाक उलटी करून, मोटरबोटीचे तळाचे बूच काढून, सामानाचे कप्पे उघडून सगळे पाणी तिथेच जमिनीवर ओतायचे. मिनेसोटात तर बूच काढूनच बोट रस्त्यावर न्यावी लागते. उरलेले जिवंत आमिष पाण्यात न सोडता कचऱ्यात टाकायचे.

शेवटी वाळवणे. दुसऱ्या पाण्यात उतरण्यापूर्वी निदान पाच दिवस सगळे खडखडीत वाळू द्यायचे. लाइफ जॅकेटचे पट्टे, बूट आणि हवा भरायच्या होडीच्या घड्या सर्वांत उशिरा सुकतात. तेवढा वेळ नसेल, तर सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने धुतल्यास शिंपले मरतात.

महाराष्ट्रात हाच नियम जलपर्णीला लागू पडतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने पवई तलाव आणि उजनी जलाशयाचे मोठे भाग वेळोवेळी व्यापले आहेत. तिच्या एका रोपापासून आडव्या फुटव्यांनी नवी रोपे तयार होतात आणि बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते. म्हणून जलपर्णीच्या पाण्यातून निघालेली कयाक चिखल धुऊन काढल्याशिवाय दुसऱ्या धरणावर नेऊ नये.