नव्वदीतल्या माउंटन बाइकचं वेड ओसरतंय: दोष पिढीचा की स्टँडर्डचा?

सायकलची तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची फ्रेम शोधायची. तिच्यावर त्याच काळातले गिअर, ब्रेक आणि हँडल बसवायचे. १९९१ च्या कॅटलॉगमध्ये दिसायची तशीच सायकल पुन्हा उभी करायची. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात व्हिंटेज माउंटन बाइकचा हा छंद चांगला मुरलेला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नव्या सायकली दुकानांतून गायब झाल्या, लोकांनी गॅरेजमधल्या जुन्या सायकली बाहेर काढल्या आणि या छंदाला अचानक उधाण आलं.

आता ते उधाण ओसरलंय. जुन्या काळातल्या मोजक्या नामांकित सायकलींना अजूनही गिऱ्हाईक आहे, पण मधल्या दर्जाच्या सायकली विकायला वेळ लागतो. सुटे भाग जमवून सायकल पूर्ण करण्याचा उत्साहही कमी झालाय. "नव्या पोरांना जुन्याची किंमत नाही" हे उत्तर तोंडावर तयार असतं. पण सिस्टिम बंद पडली की युजरला दोष देण्याआधी लॉग बघायचे असतात. इथेही तेच करूया.

आधी थोडा इतिहास

माउंटन बाइकचा जन्म कुठल्या कंपनीच्या लॅबमध्ये झालेला नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली यायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळ पहिली शर्यत घेतली. तिचं नाव 'रिपॅक'. जेमतेम साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटरचा उतार. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव.

१९७७ मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठीच बनवलेली फ्रेम तयार केली. ती सायकल आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेम घेऊन व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजंपर' आली आणि माउंटन बाइक कारखान्यातून बाहेर पडू लागली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली.

म्हणजे साधारण १९८५ ते १९९८ हा या सायकलींचा सुवर्णकाळ. छंदातल्या सायकली बहुतेक याच काळातल्या आहेत.

कारण पहिलं: आठवणींना वय असतं

माणूस कुठली जुनी वस्तू जमवतो? बहुतेक वेळा तीच, जी पंधराव्या वर्षी हवी होती पण परवडत नव्हती. १९९१ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा २०२० मध्ये चव्वेचाळीसचा होता. हातात पैसा होता, लॉकडाउनमुळे वेळही होता. त्याने स्वप्नातली सायकल घेतली. बहुतेकांना अशी एक किंवा दोन सायकली पुरतात. मागणी एकदा पूर्ण झाली की बाजार शांत होतो.

आता त्याचं वय पन्नाशीच्या आसपास आहे, घर लहान पडतंय आणि तोच विकायला निघालाय. घेणारे कमी आणि विकणारे जास्त. २००० नंतर मोठ्या झालेल्या मुलांच्या आठवणीतली सायकल वेगळी आहे: डिस्क ब्रेकची, दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली. त्यांना १९९१ चा कँटिलिव्हर ब्रेक हळवा करत नाही, घाबरवतो.

कारण दुसरं: स्टँडर्ड बदललं

टेक वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल. फोनचं चार्जिंग पोर्ट बदललं की जुने चार्जर एका रात्रीत कचरा होतात. सायकलमध्ये हेच पाच-सहा ठिकाणी एकदम झालं.

* चाक: जुनं '२६ इंच', म्हणजे ५५९ मिमीचा रिम. २०१२ ते २०१५ च्या दरम्यान महागड्या सायकलींनी ते सोडून २७.५ इंच (५८४ मिमी) आणि २९ इंच (६२२ मिमी) धरले.
* मागचा हब: नव्वदीत रुंदी १३५ मिमी, आता बऱ्याच नव्या माउंटन बाइकवर १४८ मिमी.
* हँडल जिथे पकडलं जातं ती जाडी: आधी २५.४ मिमी, मग ३१.८ आणि आता ३५ देखील.
* ब्रेक: १९९६ मध्ये व्ही-ब्रेक आले, मग डिस्क. जुन्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवायला जागाच नसते.

प्रत्येक बदलामागे काही ना काही तांत्रिक फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी कुणी सांभाळली नाही. परिणाम असा की आजचा चांगला शॉकअप किंवा चाक जुन्या फ्रेमवर सरळ बसत नाही. जुन्या सायकलीला फक्त जुनेच भाग चालतात, आणि जुने भाग दर वर्षी कमीच होत जातात.

त्यातही काही भाग वापरले नाहीत तरी मरतात. नव्वदीतल्या बऱ्याच सस्पेन्शन फोर्कमध्ये हवा किंवा तेलाऐवजी रबरासारखे इलॅस्टोमरचे तुकडे असायचे. ते वयानुसार कडक होतात किंवा भुगा होतात. डब्यात जपून ठेवलेला 'नवा कोरा' फोर्कही म्हणून कामाचा नसतो.

सगळ्यात वाईट अवस्था त्या काळातल्या प्रोप्रायटरी डिझाइनची. क्लाइन या कंपनीच्या 'अ‍ॅटिट्यूड' सायकलीत हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात होते आणि हेडसेटची बेअरिंगही कंपनीच्या खास मापाची होती. दिसायला अप्रतिम! १९९५ मध्ये ट्रेकने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे ब्रँड बंद झाला. आज हँडल चार सेंटिमीटर लहान हवं असेल तर नुसतं स्टेम बदलून भागत नाही.

कारण तिसरं: पार्सल महाग झालं

या कारणाकडे फारसं कुणी बघत नाही. मॅचिंग गिअर लीव्हर तुमच्या गावात मिळेलच असं नाही. तो बर्मिंगहॅममधल्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतो आणि त्याची गरज असलेला माणूस म्युनिकमध्ये असतो. हा छंद अशा छोट्या पार्सलांवर चालतो.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे ब्रिटन आणि युरोपियन युनियन यांच्यात कस्टम्सची भिंत उभी राहिली. १ जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांची करमाफीही काढून टाकली. वीस युरोच्या लीव्हरवर कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च लागला की तो घेणारा दोनदा विचार करतो. मग २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी सगळ्या देशांसाठी बंद केली. त्या गोंधळात आपल्या इंडिया पोस्टनेही अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं काही काळ थांबवली होती, हे तुम्ही वाचलं असेल.

पाच हजार डॉलरच्या दुर्मिळ सायकलीला या खर्चाने फारसा फरक पडत नाही. साध्या सायकलीच्या पंधरा डॉलरच्या भागाला पडतो. म्हणूनच वरचा थर टिकून आहे आणि मधला थर कोसळतोय.

कारण चौथं: माहितीच पुसली गेली

जून २०१७ च्या अखेरीस फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या साइटने नियम बदलला. दुसऱ्या वेबसाइटवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९.९९ डॉलर भरा. लोकांनी भरले नाहीत आणि जगभरच्या असंख्य पानांवरचे फोटो एका झटक्यात गेले. कुठला स्क्रू कुठे लागतो, रंगाची मूळ छटा कोणती, हे समजावणारी सचित्र माहिती त्यात होती. मजकूर राहिला, पण "खालच्या फोटोत बघा" या ओळीखाली आता काहीच नाही.

याच्या उलट उदाहरण शेल्डन ब्राउन यांचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले हे मेकॅनिक २००८ मध्ये गेले. पण त्यांनी साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली सायकल दुरुस्तीची पानं आजही उघडतात, कारण ती स्वतःच्या साइटवर होती आणि मागच्यांनी ती सांभाळली. कुठल्याही छंदाचं ज्ञान दुसऱ्याच्या फुकट सर्व्हरवर ठेवलं तर ते त्याच्या मर्जीवर जगतं. आज हेच ज्ञान चोवीस तासांत गायब होणाऱ्या स्टोरीत आणि सर्चला न सापडणाऱ्या चॅट ग्रुपमध्ये जातंय. नवीन मुलगा आत यायचा दरवाजाच दिसेनासा झालाय.

मग आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा छंद त्या अर्थाने कधी रुजलाच नाही. पण नव्वदीत हिरोची 'रेंजर' आली आणि गिअर असो वा नसो, सरळ हँडल आणि जाड टायर दिसला की आपण त्या सायकलीला रेंजरच म्हणायला लागलो. जुन्या सायकलींची आवड असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून या.

गंमत पुढे आहे. जे २६ इंची चाक पाश्चात्त्य बाजाराने 'मेलं' म्हणून सोडलं, ते आपल्याकडे जिवंत आहे! २६ × २.१० चा टायर-ट्यूब आजही तालुक्याच्या सायकल दुकानात मिळतो, कारण स्वस्त सायकली अजून त्याच मापावर चालतात. शिमानोचे सात गिअरचे साधे फ्रीव्हीलही अजून बनतात.

यातून एक नियम दिसतो: स्टँडर्ड वरून खाली मरतं. महागड्या सायकलीने एखादं माप सोडलं की पुढची कित्येक वर्षं ते स्वस्त सायकलीत जगतं. त्यामुळे सगळीकडे चालणारी साधी मापं असलेली नव्वदीतली स्टीलची फ्रेम आज सर्वात सुरक्षित, आणि त्या वेळची सर्वात 'भारी' सायकल सर्वात धोक्यात.

जुनी माउंटन बाइक घेताय? हे चार बघा

१. टायरच्या बाजूवर ५५९ हा आकडा शोधा. '२६ इंच' या नावाखाली ५८४ आणि ५९० मिमीचीही मापं येतात, ती एकमेकांना बसत नाहीत.
२. सीटपोस्ट आणि स्टेम बाहेर निघतात का ते विकणाऱ्यासमोरच बघा. गंजून अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट काढणं म्हणजे डोक्याला ताप.
३. जुना सस्पेन्शन फोर्क असेल तर त्याची किंमत शून्य धरा.
४. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून खरा भाव बघा.

तर, छंद मरतोय का?

संग्राहकांचा बाजार आकसतोय आणि तो पूर्वीसारखा होणार नाही, कारण ती पिढी पुढे सरकली. पण भाव उतरल्यामुळे ज्याला सायकल भिंतीवर टांगायची नाही, चालवायची आहे, त्याच्यासाठी हीच चांगली वेळ आहे.

आपल्यासाठी प्रश्न सायकलपुरता नाही. तीस वर्षांपूर्वीची सायकल आज पाना आणि ग्रीस घेऊन पुन्हा चालू करता येते. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी चिकटवलेली आहे, काही फोनमध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने कंपनीशी बांधलेले आहेत आणि अपडेट कधी थांबणार याची तारीख ठरलेली आहे. २०५५ मध्ये कुणाला २०२५ चा फोन हौसेने चालू करावासा वाटला, तर तो होईल का? पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर हेही विचारा: बॅटरी बदलता येते का, सुटे भाग मिळतात का, अपडेट किती वर्षं आहेत.